घर आधी कोणाला? चिठ्ठी, यादी आणि आत्याची मोटारसायकल

(या भागाचं हे शब्दांकन आहे. बोलताना झालेली अडखळ आणि दोनदा आलेली वाक्यं काढली आहेत, बाकी जसंच्या तसं.)

लोकलमध्ये लटकत ऐकताय, की भांडी घासताना एका कानात हेडफोन घालून? जिथं असाल तिथं, आजचा भाग जरा नीट ऐका. आज बोलायचंय घराबद्दल. घर कसं सजवायचं, ईएमआय कसा भरायचा, ते नाही. सरकारकडून मिळणारं किंवा सरकारच्या मदतीनं होणारं घर. आणि त्यातला एकच प्रश्न: घरं कमी, मागणारे जास्त, मग आधी कोणाला द्यायचं आणि हे ठरतं कसं?

हा विषय डोक्यात आला तो मागच्या महिन्यात आत्याच्या फोनमुळे. माझी आत्या बीड जिल्ह्यात एका छोट्या गावात राहते. मातीच्या भिंती, वर गावच्या कुंभारानं केलेली कौलं, एकच खोली. फोन उचलल्या उचलल्या म्हणाली, "आरं, माझं नाव आलंय म्हनं घरकुलाच्या यादीत. पन नंबर लई लांबचाय. तुझ्या त्या मोबाईलवर बघ की जरा, कोन कोन हाय माझ्या पुढं."

त्याच आठवड्यात इकडे बाबांच्या खात्यात म्हाडाची अनामत रक्कम परत आली. म्हणजे घर लागलं नाही. सहाव्यांदा. बाबा काही बोलले नाहीत. बँकेचा मेसेज मला दाखवला आणि म्हणाले, "चला, व्याज वाचलं."

एकाच घरातली दोन माणसं, दोघंही घराची वाट बघतायत. पण त्यांच्या रांगा अगदी वेगळ्या आहेत. बाबांची रांग नशिबाची, आत्याची रांग गरजेची. निदान कागदावर तरी. या दोन रांगा आतून कशा चालतात, ते आज बघू.

पहिली रांग: जिथं रांगच नाही

म्हाडापासून सुरुवात करू, कारण शहरातल्या बहुतेकांना तेवढंच माहीत असतं. महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजे म्हाडा, १९७७ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९४८ पासून मुंबईचं गृहनिर्माण मंडळ होतं, त्याचाच हा पुढचा अवतार म्हणा. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर अशी वेगवेगळी मंडळं आहेत आणि प्रत्येक मंडळ आपापली सोडत काढतं.

आता सोडतीत प्राधान्य कसं ठरतं? खरं उत्तर असं की, ठरतच नाही. म्हाडा आधी चाळण लावतं आणि मग चिठ्ठी काढतं. हा फरक नीट लक्षात घ्या, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

पहिली चाळण पात्रतेची. वय किमान १८, महाराष्ट्राचा अधिवास दाखला, आणि ज्या शहरातलं घर हवंय तिथं तुमच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावावर पक्कं घर नसलं पाहिजे.

दुसरी चाळण उत्पन्नाची. २०२२ मध्ये मर्यादा बदलल्या. मुंबई महानगर प्रदेश आणि पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरांसाठी त्या अशा आहेत: पती-पत्नी दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प उत्पन्न गट, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम, आणि १२ लाखांच्या वर उच्च.

तिसरी चाळण प्रवर्गाची. प्रत्येक योजनेतली घरं प्रवर्गांमध्ये वाटलेली असतात. अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६ टक्के, भटक्या जमाती दीड टक्का, विमुक्त जमाती दीड टक्का. त्याशिवाय पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक, दिव्यांग, माजी सैनिक, कलाकार, राज्य सरकारचे कर्मचारी, म्हाडाचे स्वतःचे कर्मचारी. आणि हो, आमदार-खासदारसुद्धा. सर्वसाधारण लोकांसाठी राहतात साधारण निम्मी घरं.

या तीन चाळण्यांतून जे खाली पडले, त्यांची संगणकावर सोडत. प्रत्येक योजनेला एक संकेत क्रमांक असतो. त्या संकेत क्रमांकात, त्या प्रवर्गात जेवढे अर्ज आलेत, तेवढ्यांतूनच नावं निघतात. कोण किती वर्षं भाड्यानं राहतंय, कोणाच्या घरात आजारी माणूस आहे, दहा बाय दहाच्या खोलीत किती जण झोपतात, संगणकाला यातलं काही माहीत नसतं. कोणी त्याला सांगतही नाही.

आता जरा आकडे. २०२४ ची मुंबई मंडळाची सोडत ८ ऑक्टोबरला निघाली. घरं २,०३०. अर्जदार सुमारे १ लाख १३ हजार. भागाकार करा: एका घरामागे साधारण ५६ जण. हा सरासरीचा हिशोब आहे. एखाद्या लोकप्रिय संकेत क्रमांकात गर्दी खूप जास्त असते, दुसरीकडे कमी.

समजा प्रत्येक वेळी तुमची संधी ५६ मध्ये १ आहे आणि तुम्ही सहा सोडती भरल्या. तर एकदा तरी घर लागण्याची शक्यता किती? मी हिशोब केला. जेमतेम १० टक्के. म्हणजे सहा वेळा अर्ज भरणाऱ्या दहा जणांमधले नऊ रिकाम्या हातानं परत जातात. बाबा त्या नऊ जणांत आहेत. त्यांचं नशीब वाईट नाही, गणितच तसं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. सातव्या वेळी बाबांची संधी किती? तेवढीच. ५६ मध्ये १. आयुष्यात पहिल्यांदा अर्ज भरणारा पंचवीस वर्षांचा मुलगा आणि सहा वेळा परत आलेले माझे बाबा, दोघांची एकेकच चिठ्ठी. आधी वाट बघितल्याचं काहीही मोल नाही.

मग चिठ्ठी वाईट का? तसंही नाही

थांबा, लगेच म्हाडाला शिव्या घालू नका. चिठ्ठीचा एक मोठा गुण आहे. तिला ओळख चालत नाही. साहेबाच्या हातात यादी असती, तर साहेबाचा मेहुणा वर आला असता. संगणकाला मेहुणा नसतो. ज्या शहरात घराची किंमत आणि पगार यांचा एकमेकांशी काही संबंध उरलेला नाही, तिथं 'निदान फसवणूक नाही' ही भावनासुद्धा मोठी असते. म्हणून तर लाखभर लोक दरवेळी अर्ज भरतात.

२०२३ पासून आणखी एक चांगला बदल झाला. आधी सोडत निघायची आणि नंतर कागद तपासायचे. घर लागलेला माणूस महिनोन्‌महिने फायली घेऊन फिरायचा, आणि शेवटी कळायचं, अपात्र. आता कागद आधी अपलोड करायचे, पात्रता आधी ठरते, मग सोडत.

पण चिठ्ठीचा दोषही तेवढाच मोठा आहे. चाळणीच्या आत सगळे सारखे मानले जातात. अत्यल्प गटाची मर्यादा ६ लाख, म्हणजे महिन्याला ५० हजार. महिन्याला १५ हजार कमावणारी घरकामवाली बाई आणि ४९ हजार कमावणारा क्लार्क, दोघंही अत्यल्प गटात. कागदावर सारखे. पण पुढं काय होतं बघा. मुंबईच्या २०२३ च्या सोडतीत या गटासाठी अर्जासोबतची अनामतच २५ हजार रुपये होती, आणि गोरेगावच्या पहाडी भागातली या गटाची घरं ३० लाखांच्या आसपास. १५ हजार पगारावर एवढं कर्ज कोणती बँक देईल? म्हणजे त्या बाईला कोणी 'नाही' म्हटलं नाही. ती अर्जापर्यंत पोचलीच नाही, एवढंच.

म्हाडाचं घर विकत घ्यायचं असतं, हे आपण विसरतो. त्यामुळे न लिहिलेली चौथी चाळण म्हणजे कर्ज मिळण्याची ऐपत. आणि गरज सगळ्यात जास्त असलेला माणूस नेमका याच चाळणीत अडकतो.

याउलटही घडतं. जिथं घरं जास्त आणि घेणारे कमी, तिथं सोडतच लागत नाही. विरार-बोळींजला कोकण मंडळाची बरीच घरं पडून राहिली, तेव्हा ती 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' म्हणून विकायला काढली. म्हणजे आधी येईल त्याला. प्राधान्याची ही तिसरी पद्धत. पण ती कधी वापरतात? मागणी नसते तेव्हा. जिथं मारामारी आहे तिथं 'आधी येईल त्याला' केलं, तर आदल्या रात्रीपासून चपला ठेवून रांगा लागतील.

वाट बघितल्याचा हिशोब कोण ठेवतं?

जगात इतरांनी यावर काय केलंय, ते दोन मिनिटांत सांगतो.

सिंगापूरमध्येही सरकारी घरांसाठी चिठ्ठीच असते. पण तिथं सगळ्यांना एकेक चिठ्ठी नसते. पहिल्यांदा घर घेणाऱ्या कुटुंबाला जास्त चिठ्ठ्या. आणि जे आधीच्या सोडतींमध्ये पुन्हा पुन्हा रिकाम्या हातानं परत गेलेत, त्यांना ठरावीक अटींवर पुढच्या वेळी आणखी चिठ्ठ्या. संगणक तोच, नशीब तेच, फक्त वाट बघितल्याचं वजन त्यात धरलं. बाबांना हे सांगितलं, तर ते पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या नावाच्या सात चिठ्ठ्या झाल्या असत्या की रे!" एवढ्या झाल्या नसत्या, पण म्हणणं बरोबर आहे.

इंग्लंडमध्ये चिठ्ठी नाही, गरजेचे गट आहेत. तिथल्या १९९६ च्या गृहनिर्माण कायद्यात लिहिलंय की, स्थानिक कौन्सिलनं काही लोकांना रास्त प्राधान्य दिलंच पाहिजे. बेघर असलेले, दाटीवाटीनं किंवा राहण्यालायक नसलेल्या घरात राहणारे, आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे घर बदलावं लागणारे, आणि विशिष्ट भागात राहायला गेलं नाही तर ज्यांचे हाल होतील असे. बहुतेक कौन्सिलं अर्जदारांचे गट पाडतात. सगळ्यात वर तातडीची गरज. एका गटात सारखे अनेक जण असले, तर सहसा ज्याचा अर्ज जुना तो पुढं. ऐकायला आदर्श वाटतं ना? पण तिथं प्रतीक्षा यादीवर १० लाखांहून जास्त कुटुंबं आहेत. प्राधान्याचा नियम कितीही चांगला केला, तरी त्यानं घर बांधून होत नाही.

आणि आपल्याकडे मुंबईतच एक रांग आहे, जी ना नशिबाची ना गरजेची. ती हक्काची आहे. गिरणी कामगारांची. १९८२ चा संप, बंद पडलेल्या गिरण्या, आणि त्या जमिनींवर उभे राहिलेले टॉवर. त्या जमिनींचा काही वाटा कामगारांच्या घरांसाठी द्यायचं ठरलं. पात्रतेची रेघ कुठं ओढली? १ जानेवारी १९८२ रोजी जो गिरणीच्या पटावर होता तो, किंवा त्याचे वारस. पहिली सोडत निघाली थेट २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. हक्क मान्य झाला, पण घरं पुरेना म्हणून हक्कवाल्यांमध्येही शेवटी चिठ्ठीच काढावी लागली. वाट बघता बघता कित्येक कामगार गेले आणि अर्जावर मुलांची, सुनांची नावं लागली.

दुसरी रांग: आत्याची यादी

आता चला बीडला.

खेड्यात 'घरकुल' म्हटलं की बहुतेक वेळा प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण. आधी इंदिरा आवास योजना होती, तिच्या जागी २०१६ मध्ये ही आली. यात सरकार तयार घर देत नाही. तुमच्याच जागेवर बांधायला टप्प्याटप्प्यानं पैसे देतं. सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. शिवाय रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. महाराष्ट्रात याच्या जोडीला रमाई, शबरी, मोदी आवास अशा योजनाही आहेत, पण यादी कशी लागते हे समजायला ही एक पुरेशी आहे.

इथं चिठ्ठी नाही. इथं गरज मोजतात. कशी मोजतात, ते पायरी-पायरीनं सांगतो.

पायरी एक. मूळ आधार २०११ चं सामाजिक, आर्थिक आणि जात सर्वेक्षण. त्यातून बेघर कुटुंबं, आणि कच्च्या भिंती, कच्चं छप्पर असलेल्या शून्य, एक किंवा दोन खोल्यांत राहणारी कुटुंबं घेतली. पक्कं घर असलेले बाहेर.

पायरी दोन. आपोआप बाहेर काढणारे निकष. सुरुवातीला असे १३ होते. घरात मोटारसायकल असली, बाहेर. फ्रिज असला, बाहेर. लँडलाईन फोन, बाहेर. घरातला कोणी महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त कमावत असला, सरकारी नोकरीत असला, आयकर भरत असला, बाहेर. ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड असलं, बाहेर. ठरावीक मापापेक्षा जास्त बागायत जमीन असली, तरी बाहेर. यातलं एक जरी लागू झालं तरी पुरे.

पायरी तीन. उरलेल्यांचा क्रम. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक आणि इतर अशा याद्या वेगळ्या. प्रत्येक यादीत आधी बेघर, मग शून्य खोलीवाले, मग एक खोली, मग दोन. एक खोलीवाल्यांचे सगळे संपल्याशिवाय दोन खोल्यांवाल्यांचा नंबर लागत नाही. त्या-त्या गटात सगळ्यात वर कोण? निराधार किंवा भिक्षेवर जगणारे, हातानं मैला साफ करणारे, आदिम जमातीची कुटुंबं, आणि कायद्यानं मुक्त झालेले वेठबिगार.

पायरी चार. गुण. एकूण पाच निकष, प्रत्येकाचं वजन सारखं. एक, घरात १६ ते ५९ वयाचं कोणीच प्रौढ नाही. दोन, कुटुंबप्रमुख बाई आहे आणि त्या वयाचा पुरुष घरात नाही. तीन, २५ वर्षांवरचं कोणीच साक्षर नाही. चार, घरात दिव्यांग व्यक्ती आहे आणि धडधाकट प्रौढ कोणी नाही. पाच, जमीन नाही आणि पोट मुख्यतः मजुरीवर आहे. जितके निकष लागू, तितका नंबर वर.

पायरी पाच. ग्रामसभा. ही यादी ग्रामसभेत वाचायची, खरं-खोटं तपासायचं. दोघांचे गुण सारखे झाले तर कोण आधी, तेही ग्रामसभाच ठरवते. तेव्हा शहीद जवान किंवा पोलिसाची विधवा आणि जवळचे नातलग, कुष्ठरोग, कर्करोग किंवा एचआयव्ही असलेला माणूस ज्या घरात आहे ते कुटुंब, एकुलती एक मुलगी असलेलं कुटुंब, वनहक्काचे लाभार्थी आणि तृतीयपंथी व्यक्ती यांना झुकतं माप द्यायचं असं मार्गदर्शक सूचनांत आहे. ग्रामसभेचं म्हणणं पटलं नाही, तर वर अपील समिती आहे.

किती बारीक विचार केलाय बघा! बाबांच्या सोडतीत यातला एकही प्रश्न कोणी विचारत नाही. मग आत्याला अजून घर का नाही मिळालं?

एक मोटारसायकल आणि एक वाढदिवस

सर्वेक्षण झालं तेव्हा आत्या आणि मामा गावात नव्हतेच. ऊसतोडीला गेले होते, कोयता घेऊन, कारखान्याच्या तळावर पाचटाच्या खोपीत. घराला कुलूप. परत आले तेव्हा मोजणी होऊन गेली होती. आत्या म्हणते, "आमाला कोन इचारनार? दार बंद दिसलं, गेले पुढं." म्हणजे जे कुटुंब घर नसल्यासारखं सहा महिने खोपीत राहतं, ते घर नसणाऱ्यांच्या यादीतच नाही. पुढं मामा वारले.

मग आली दुसरी संधी. यादीतून सुटलेल्यांसाठी २०१८-१९ मध्ये 'आवास प्लस' सर्वेक्षण झालं. आपल्याकडे गावात याला 'ड यादी' म्हणतात. आधीची 'ब यादी', नंतरची 'ड यादी'. गावात घरकुलाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच, "तुझं नाव बी मदी का डी मदी?" आत्याचं नाव या वेळी घेतलं. घराचा फोटोही काढला.

आणि यादी वाचली तेव्हा आत्या अपात्र. कारण, दुचाकी.

माझा आतेभाऊ तेव्हा १९ वर्षांचा होता. दहावी झाला आणि दुधाचे कॅन डेअरीवर पोचवायचं काम धरलं. त्यासाठी जुनी मोटारसायकल घेतली, उसने पैसे काढून. कौलं गळायची तेव्हा ती गाडी आत घेऊन तिच्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचे, कारण ती भिजली तर दुसऱ्या दिवशीची रोजी बुडायची. नियमाच्या नजरेत मात्र गाडी म्हणजे श्रीमंती. कर्मचाऱ्याची चूक होती असं मी म्हणणार नाही. त्यानं खरं तेच लिहिलं. गरिबी मोजायची पट्टीच जुनी होती.

२०२४ मध्ये ती पट्टी बदलली. मोटारसायकल, फ्रिज, लँडलाईन आणि मासेमारीची बोट या अटी काढून टाकल्या. उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर नेली. तेरांचे दहा निकष झाले. नवं सर्वेक्षण मोबाईल ॲपवर, चेहरा ओळखून, आणि ज्याला जमेल त्याला स्वतःच्या फोनवरूनही करता येईल असं. २०२५ मध्ये आतेभावानं स्वतःच्याच फोनवर ते भरलं.

म्हणजे सगळं जुळलं ना? मलाही असंच वाटलं. मग आत्यासाठी मी कागदावर गुण मांडले.

२०१८ चा हिशोब: जमीन नाही, पोट मजुरीवर, एक गुण. २५ वर्षांवरचं कोणी साक्षर? आत्या शाळेत गेलेली नाही, मुलगा दहावी पास पण १९ चा. म्हणजे कोणी नाही. दुसरा गुण. एकूण दोन.

आजचा हिशोब: जमीन नाही, मजुरी, एक गुण. २५ वर्षांवरचं साक्षर? मुलगा आता २६ चा झाला. गुण गेला. एकूण एक.

लक्षात आलं? या सात वर्षांत आत्याची परिस्थिती सुधारली नाही. कौलं तीच, भिंत उलट एका बाजूनं खचलीय. फक्त मुलाचे वाढदिवस झाले. वाट बघायला लावली, आणि वाट बघण्यातच तिचा गुण गेला. बाबांच्या रांगेत वाट बघण्याला किंमत शून्य आहे. आत्याच्या रांगेत ती उलटी कापली गेली.

मग न्याय्य पद्धत कोणती?

मी यावर खूप विचार केला, आणि मला वाटतं सरळ उत्तर नाही. चिठ्ठी आंधळी असते. म्हणून ती लाच घेत नाही, आणि म्हणूनच तिला गरज दिसत नाही. गुणांच्या यादीला गरज दिसते, पण मोजलेल्या दिवसाची. मोजणीच्या दिवशी तुम्ही उसाच्या फडात असाल, तर तुम्ही नाहीच. आणि आधी येईल त्याला द्यायचं म्हटलं, तर ज्याला आधी कळतं तो जिंकतो. हक्कानं द्यायचं म्हटलं, तर हक्कवाले घरांपेक्षा जास्त निघतात.

तरी दोन गोष्टी करता येतील असं मला वाटतं. एक, सोडतीत वाट बघण्याला थोडं वजन द्या. दहा वेळा परत गेलेल्याला दोन चिठ्ठ्या दिल्या, तर संगणक काही बिघडणार नाही. दोन, गरजेच्या यादीत मोजणी वारंवार आणि माणसाच्या वेळेनं करा. ऊसतोडीवाला गावात असतो पावसाळ्यात, तेव्हा या. आणि एकदा लागलेला गुण वाट बघण्यामुळे कमी होऊ देऊ नका.

तुम्ही आज काय करू शकता

उपदेश पुरे, कामाचं बोलू.

गावाकडं कोणाचा अर्ज असेल, तर नुसतं "नाव आहे का" एवढंच विचारू नका. कोणत्या प्रवर्गाच्या यादीत, कितव्या क्रमांकावर, खोल्या किती लिहिल्यात आणि अपात्र असेल तर नेमकं कारण काय, हे विचारा. याद्या योजनेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येतात. तुमच्या हातात फोन आहे, आत्याच्या हातात नाही. हे काम तुमचं.

ग्रामसभेला जा. खरंच जा. गुण सारखे असतील तेव्हा क्रम तिथं ठरतो, आणि त्या दिवशी जो हजर नसतो त्याच्या बाजूनं कोणी बोलत नाही. हरकत असेल तर तोंडी सांगून घरी येऊ नका. लेखी द्या, पोच घ्या.

शहरात म्हाडाचा अर्ज भरणार असाल, तर अधिवास दाखला, उत्पन्नाचा पुरावा आणि लागत असेल तर जातीचं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहू नका. संकेत क्रमांक निवडताना नुसतं लोकेशन बघू नका, तुमच्या प्रवर्गात त्या क्रमांकात घरं किती आहेत ते बघा. एक घर असलेल्या ठिकाणी हजार जण उड्या मारतात. आणि कर्ज किती मिळेल ते बँकेत आधी विचारा, घर लागल्यावर नाही.

शेवटचं. "साहेब ओळखीचे आहेत, नंबर लावून देतो" असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. संगणकाला मेहुणा नसतो, हे आपण आत्ताच बोललो.

आत्याला मी परवा फोन केला. म्हटलं, आत्या, तुझा नंबर का लांब आहे ते कळलं. पोराचं वय वाढलं म्हणून. ती हसायलाच लागली. म्हणाली, "आता काय, घरासाठी पोरगं ल्हान करू का काय?" मग जरा थांबून म्हणाली, "ग्रामसभा कवा हाय त्येवडं बघून ठीव. मी जानार हाय या टायमाला. समद्यात म्होरं बसनार."

तारीख बघून ठेवलीय. मीही जाणार आहे.

तुमच्या घरात अशी एखादी रांग असेल, कितव्यांदा अर्ज भरलाय, कुठं अडलंय, तर मला नक्की सांगा. पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पावसाच्या आधी आईवडिलांच्या, आत्या-मावशीच्या घराचं छप्पर एकदा बघून या. भेटू पुढच्या भागात!